उपवासकाळातला एकांत

बार्शीला व्रतांचं अप्रूप नाही. इथल्या भगवंत मंदिराचं नातंच अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताच्या कथेशी आहे. ख्रिस्ती उपवासकाळाचं गणित मात्र वेगळं. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला, ईस्टर ५ एप्रिलला. बुधवार धरून मधले दिवस भरतात ४६. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून सहा रविवार वगळायचे. उरतात ४०, येशूने अरण्यात काढले तितके.

कॅथलिक नियमाने काटेकोर उपवास खरं तर दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्यांना. बाकी दिवसांचं काय करायचं, याचं एक उत्तर म्हणजे रिट्रीट, प्रार्थनेसाठी घेतलेला मौनाचा एकांत. मटण सोडणं त्यामानाने सोपं. बोलणं आणि मोबाइल सोडून बसणं कठीण.

रिट्रीटचा प्रसिद्ध साचा संत इग्नेशियस लोयोला यांचा. त्यांच्या साधनाग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना सुमारे ३० दिवसांची, मौनातली. दुकान किंवा शेती सोडून इतके दिवस कोण जाणार? ही अडचण इग्नेशियस यांनाही ठाऊक होती. अशा माणसाने घरीच राहून, मार्गदर्शकाच्या सल्ल्याने रोज दीड तास द्यावा, अशी सोय ग्रंथातच आहे. बार्शीतल्या कुटुंबाला पुण्या-मुंबईच्या साधनागृहापेक्षा हीच वाट जवळची. मार्चच्या सोलापुरी उन्हात तो दीड तास पहाटेच साधलेला बरा.