सासूबाईंचं डोकं अचानक फुटायला लागलं तर

तायांनो, मागे एका गटाच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या. "सासू सत्तरीची. एकदम ओरडली, डोकं फुटून राहिलं म्हणे. उलटी झाली. आम्ही तेल चोळून निजवलं. म्हटलं, वय झालं." दुसऱ्या दिवशी शुद्ध हरपल्यावर नागपूरला आणलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. त्या वाचल्या नाहीत. तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही, म्हणून आता लिहिते.

सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो ना, तसाच मेंदूतल्या रक्तवाहिनीलाही येतो. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेक फुगे कधी फुटतच नाहीत. पण वाढलेलं बीपी आणि बिडी-सिगारेट यांनी धोका वाढतो, आणि बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो.

फुटला की क्षणात असं डोकं दुखतं, जसं जन्मात कधी दुखलं नसेल. मान आखडते, उलटी होते, कधी भोवळ येते. अशा वेळी ॲस्पिरिनची गोळी देऊ नका, तिनं रक्त पातळ होतं. सरळ 108 लावा, गाडीला पैसे लागत नाहीत. सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन असलेल्या दवाखान्यातच पोचायचं आहे. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या 24 तासांत सगळ्यात जास्त असते.

उपचार दोन. एकात कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप लावतात. दुसऱ्यात जांघेतल्या नसेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरतात, तिला कॉइल म्हणतात. 2002 साली 2143 रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. वर्षभरानंतर दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले रुग्ण क्लिपवाल्यांत 100 पैकी सुमारे 31 होते, कॉइलवाल्यांत 24. कवटी उघडावी लागत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला बरेचदा कॉइल सुचवतात. मात्र वयानं नसा कडक, वाकड्या झाल्या असतील तर नळी नेणं अवघड जातं. फुगा कुठं आहे त्यावरही ठरतं.

खोटं सांगत नाही, सत्तरीनंतर धोका तरुणांपेक्षा जास्तच. पण नुसत्या वयाकडे बघून डॉक्टर नाही म्हणत नाहीत. दवाखान्यात येताना बाई शुद्धीवर आहे का, बोलते का, हे फार मोलाचं. म्हणूनच ती वाया गेलेली रात्र मला टोचते. नंतरही दोन-तीन आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, कारण मधल्या दिवसांत नसा आकसतात. त्यासाठी निमोडिपिन हे औषध 21 दिवस देतात. घड्याळ लावून.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा. शिवाय 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. पुढच्या बैठकीला घरच्या म्हाताऱ्यांचं आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल आणा, मोबाईलवर कार्ड कसं काढायचं ते मी दाखवते.