टोलनाक्यावरचा बोलका आरसा

शिराळ्याहून पेठ नाक्यावर आलेली गाडी पुणे-बंगळूर महामार्गाला लागते. ती दक्षिणेला वळली तर वारणा ओलांडल्यावर किणीचा टोलनाका येतो आणि उत्तरेला वळली तर कराडच्या पुढे तासवड्याचा. पूर्वी येथे चालक सुटे पैसे काढून ठेवत, खिडकीतला कर्मचारी पावती फाडत असे. राष्ट्रीय महामार्गांवर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि हा व्यवहार यंत्राकडे गेला. हे यंत्र काय करते, ते आपण पाहू.

प्रथम रांगेचे गणित. समजा, एका गाडीला खिडकीपाशी २० सेकंद लागतात. म्हणजे तासाला १८० गाड्या सुटतील. तासाला २४० गाड्या येत असतील तर पहिल्या तासाअखेर ६० गाड्या रांगेत उरतील, दुसऱ्या तासाअखेर १२०. हाच वेळ ५ सेकंदांवर आणला तर तासाला ७२० गाड्या जाऊ शकतात आणि रांग लागतच नाही.

आता काचेवरची पट्टी पाहू. तिच्यात एक सूक्ष्म चिप आणि धातूचा पातळ अँटेना असतो, पण बॅटरी नसते. मग ती बोलते कशी? वर्गात एक प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याने उन्हात आरसा धरून कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडावा (कोणाच्या डोळ्यांवर नको) आणि हाताने आरसा झाकत-उघडत राहावे. भिंतीकडे पाहणाऱ्यांना उघडझापीचा संदेश वाचता येईल. प्रकाश सूर्याचा, संदेश मात्र विद्यार्थ्याचा!

नाक्यावर सूर्याची जागा मार्गिकेवर बसवलेला वाचक-यंत्राचा अँटेना घेतो. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडतो. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागले की तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर येते. पट्टीचा अँटेना या लहरींतूनच थोडी ऊर्जा घेऊन चिप जागी करतो. चिप अँटेनाची परावर्तनक्षमता कमी-जास्त करते आणि परतणाऱ्या लहरींवर आपला क्रमांक उमटवते. परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडली होती. काचेवर धातूचा मुलामा असेल तर लहरी अडतात, म्हणून पट्टी कोठे लावायची हेही महत्त्वाचे ठरते.

पट्टीत पैसे नसतात, फक्त ओळख असते. नाक्याचा संगणक ती ओळख बँकेकडे आणि तेथून राष्ट्रीय देयक महामंडळाच्या जाळ्यात पाठवतो. ज्या बँकेने पट्टी दिली, तिच्याकडील खात्यातून रक्कम वजा होते. ट्रकची पट्टी कोणी मोटारीवर लावली तर? त्यासाठी गाडीचे आसबीस मोजून तिचा प्रकार ठरवणारी वेगळी उपकरणे मार्गिकेत असतात.

यंत्र अडले तर काय होते? समजा, दहांपैकी एका गाडीची पट्टी वाचली गेली नाही आणि तिला पूर्ण मिनिट लागले. नऊ गाड्यांचे ४५ सेकंद आणि हिचे ६०, एकूण १०५. म्हणजे सरासरी साडेदहा सेकंद! ७२० गाड्यांची क्षमता सुमारे ३४३ वर आली. एका अपवादाने निम्म्याहून अधिक क्षमता खाल्ली. म्हणूनच पट्टी नसलेल्यांना रोखीने दुप्पट टोल ठेवला गेला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने दिल्यास सव्वापट. आणि म्हणूनच हातात वाचक-यंत्र घेतलेला माणूस नाक्यावर अजून लागतो. पावती फाडण्याचे काम गेले, अडलेले सोडवण्याचे उरले. मात्र या दुसऱ्या कामाला माणसे कमी लागतात, हेही खरे.

पुढची पायरी आडकाठीच काढून टाकण्याची आहे. कॅनडातील टोरांटोजवळच्या ४०७ क्रमांकाच्या महामार्गावर १९९७ पासून गाड्या न थांबता जातात. पट्टी नसेल तर कॅमेरा क्रमांकाचे छायाचित्र घेतो. आपल्याकडे गुजरातमधील चोर्यासी नाक्यासाठी असा करार २०२५ मध्ये झाला. तेथे चूक झाली तर चालकासमोर विचारायला माणूसच नसेल. चुकून कापलेले पैसे परत कसे मागायचे आणि गाडी कधी कोठून गेली ही नोंद कोणी, किती काळ ठेवायची, या प्रश्नांची उत्तरे रेडिओलहरी देत नाहीत. ती नियमांतून द्यावी लागतात. रांगेचे गणित सोडवून झाल्यावर वर्गात या प्रश्नांवरही चर्चा घडवावी.