मागचे पाटे : रस्त्यासाठी आणि शर्यतीसाठी

आपल्याकडच्या ट्रकना असतात तसे पोलादी पाटे १९६७ च्या कॅमॅरोलाही मागे आहेत, पण प्रत्येक बाजूला एकच. रविवारी श्रूजबरीहून एपिंगच्या न्यू इंग्लंड ड्रॅगवेवर पाव मैल धावायचे आणि सोमवारी त्याच गाडीने रूट ९ वरून कामाला जायचे, अशी हौस असेल तर आधी हा पाटा समजून घ्यावा.

ॲक्सिलरेटर जोरात दाबला की चाके पुढे फिरतात, पण एक्सलचे कवच उलट पीळ घेते. पाटा इंग्रजी 'एस'सारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो आणि चाके थाडथाड उडतात. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये एक शॉक ॲब्सॉर्बर एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला, तो यासाठीच.

पुष्कळ जण सरळ कडक पाटे घालतात. मला ते पटत नाही. हिवाळ्याने उखडलेल्या इथल्या रस्त्यांवर कडक पाट्याचे चाक उसळते, पकड सुटते, आणि मागच्या सीटवर मुले असतात! त्यापेक्षा पाट्याखाली ट्रॅक्शन बार लावावा. त्याच्या पुढच्या टोकाचे रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकून पीळ अडवते; खड्ड्यात पाटा बराचसा मोकळा राहतो. मात्र त्याआधी जुने रबरी बुश आणि बोल्ट तपासून घ्या.