‘गेम’ आणि ‘व्हर्मिन’: ग्राऊसची शिकार व भोवत्याचे संरक्षण

मराठीत ‘शिकारी पक्षी’ आणि ‘शिकारीचा पक्षी’ ह्या दोन पदांत एका प्रत्ययाचे अंतर आहे. पहिला शिकार करतो. दुसऱ्याची शिकार होते. दुसऱ्या अर्थी आपल्याकडे ‘सावज’ हा शब्द आहे खरा. परंतु सावज वाघाचेही असते आणि माणसाचेही, आणि तेही कोणीतरी नेम धरल्यानंतरच. शिवाय ह्या शब्दाने स्वतःच पक्ष बदललेला आहे. संस्कृत ‘श्वापद’, प्राकृत ‘सावय’ अशी त्याची परंपरा सांगतात, म्हणजे मुळात तो हिंस्र पशूचा वाचक. गुजरातीत ‘सावज’ म्हणजे आजही सिंह. मराठीत मात्र तो मारला जाणारा प्राणी झाला. लावा, तितर, रानकोंबडा ह्यांना जन्मतःच शिकारीसाठी राखून ठेवणारा एखादा कायम वर्ग मराठीने शब्दाने बांधला नाही.

इंग्रजीने तो बांधला. ‘गेम’ ह्या शब्दाचा जुना अर्थ खेळ, करमणूक. त्यावरून शिकारीचा खेळ. आणि त्यावरून ज्याच्यावर तो खेळ खेळावयाचा तो प्राणी. त्याच्या समोर उभा राहणारा शब्द ‘व्हर्मिन’. लॅटिन ‘व्हर्मिस’ म्हणजे किडा, त्यापासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द धान्य, कोंबड्या वा राखीव शिकार ह्यांचे नुकसान करणाऱ्या कोणत्याही जिवास लावला जाई. ब्रिटनमध्ये तांबड्या ग्राऊसची शिकार आणि ‘हेन हॅरिअर’ ह्या शिकारी पक्ष्याचे संरक्षण ह्यांमध्ये जो दीर्घ संघर्ष चालू आहे, त्यात पक्षिशास्त्र, कायदा व अर्थकारण आहेच. पण तो समजून घेताना ह्या दोन शब्दांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तांबडा ग्राऊस हा तितराच्या गोतातला, भरल्या अंगाचा पक्षी. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या उंच, ओलसर माळांवर हेदर नावाचे खुरटे झुडूप वाढते, त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर हा जगतो. ह्या माळांना ‘मूर’ म्हणतात. १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर हा त्याच्या शिकारीचा हंगाम. कुत्रे घेऊन माळ तुडवीत जाणे आणि उठेल त्या पक्ष्यावर बार टाकणे, ही एक रीत. दुसरी हाक्याची: हाकारे ओळीने पुढे सरकून पक्षी उठवितात आणि बंदूकधारी पाहुणे आडोशाला उभे राहून डोक्यावरून वेगाने जाणारे थवे टिपतात. एका दिवसाच्या अशा शिकारीसाठी पाहुणे हजारो पौंड मोजतात. पहिल्या रीतीस थोडे पक्षी पुरतात. दुसरीस मात्र इतकी दाट संख्या लागते, की ती माळावर आपोआप होत नाही, करावी लागते. त्यासाठी रखवालदार हेदरचे पट्टे पाळीपाळीने जाळतात, म्हणजे कोवळे खाद्य व जुना आडोसा शेजारी शेजारी मिळावा. आणि कोल्हे, कावळे वगैरे भक्षकांना मारतात. हे कायद्याने चालते. भोवत्यास मारणे चालत नाही.

‘भोवत्या’ हे ‘हॅरिअर’चे मराठी नाव. ते ‘भोवती’, ‘भोवरा’ ह्या शब्दांच्या कुळातले, आणि पक्ष्याच्या जमिनीलगत घिरट्या घालण्यावरून पडलेले आहे. इंग्रजी नाव मात्र ‘हॅरी’, म्हणजे लुटालूट करणे, ह्या क्रियापदापासून आले. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील सैन्यवाचक शब्दाशी जाऊन भिडते. ‘हेन’ हे पूर्वपद अंगणातल्या कोंबड्यांवरील त्याच्या डल्ल्याची आठवण. म्हणजे एका भाषेने पक्ष्याची चाल पाहिली, दुसरीने त्याचा गुन्हा नोंदविला. (आपण फार सोवळे ठरतो असे नाही. ‘ससाणा’ हा शब्द ‘शशादन’, ससे खाणारा, ह्याच्याशी जोडतात.) १५६६ च्या इंग्लंडमधील कायद्याने ठराविक पशुपक्ष्यांची डोकी आणून देणाऱ्यास चर्चच्या पंचांकरवी पैसे देण्याची व्यवस्था केली. त्या यादीत ‘रिंगटेल’ आहे. नर राखाडी आणि मादी तपकिरी असल्यामुळे ह्याच पक्ष्याच्या मादीस लोक वेगळी जात समजत व तिला रिंगटेल म्हणत. दोन्ही एकच, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज मोंटेगू ह्याने पिले पाळून, त्यांची पिसे बदलताना पाहून दाखविले. हिवाळ्यात सोलापूरकडील माळरानांवर येणारा मोंटेगूचा भोवत्या तो ह्याच मोंटेगूच्या नावाचा.

शिकारीचे माळ एकोणिसाव्या शतकात वाढले आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून हेन हॅरिअर जवळजवळ नाहीसा झाला. ऑर्कनी बेटे व स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटे एवढाच त्याचा आश्रय उरला. दुसऱ्या महायुद्धात रखवालदार सैन्यात गेले, त्यानंतर तो मुख्य भूमीवर परतू लागला. १९५४ च्या पक्षिसंरक्षण कायद्याने आणि पुढे १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. कागदावर ‘व्हर्मिन’ संपले.

आता प्रश्न उरतो तो हा, की भोवत्या ग्राऊसचे खरोखर किती नुकसान करतो? दक्षिण स्कॉटलंडमधील लँगहोम येथे १९९२ ते १९९७ ह्या काळात ह्याचा कसून अभ्यास झाला. माळाची नेहमीची निगा चालू ठेवावयाची, परंतु शिकारी पक्ष्यांस हात लावावयाचा नाही, अशी अट होती. वीण करणाऱ्या भोवत्यांच्या माद्या २ वरून २० वर गेल्या. विणीसाठी उरणाऱ्या प्रौढ ग्राऊसपैकी सुमारे ३० टक्के वसंत ऋतूत शिकारी पक्ष्यांच्या तोंडी पडले, आणि १९९५ व १९९६ च्या उन्हाळ्यांत भोवत्यांनी सुमारे ३७ टक्के पिले नेली. शरद ऋतूतील संख्या त्यामुळे निम्म्यावर आली. ग्राऊसची संख्या काही वर्षांच्या फेऱ्याने चढते व उतरते. १९९६ मध्ये शेजारच्या माळांवर ती चढली, लँगहोमला चढली नाही. हाक्याची शिकार बंद झाली. रखवालदारांची तक्रार खोटी नव्हती.

परंतु ह्याच अभ्यासातून आणखी काही निघाले. भोवत्या ग्राऊससाठी येतच नाही. त्याची वस्ती किती दाट होणार हे ठरते ते मेडो पिपिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर आणि व्होल ह्या आखूड शेपटीच्या उंदरांवर. आणि हे दोघे वाढतात ते हेदरमध्ये गवत मिसळल्यावर. लँगहोमला मेंढ्यांच्या चराईमुळे गेली कित्येक दशके हेदर हटून गवत पसरत होते, आणि ग्राऊसची घटही भोवत्ये वाढण्याच्या पुष्कळ आधीपासून चालू होती. पुढे १९९९ मध्ये रखवालदार काढून घेतले, तेव्हा कोल्हे व कावळे वाढले, आणि ग्राऊसबरोबर भोवत्येही घटले. जमिनीवर घरटे करणाऱ्या दोघांचाही संरक्षक एकच होता. ह्या निष्कर्षाकडे दोन्ही पक्षांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला वाटते.

दुसऱ्या बाजूचा आरोपही आता सिद्धवत् आहे. इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक जोड्यांना पुरेल इतका अधिवास असल्याचा अंदाज असताना २०१३ मध्ये एकही घरटे यशस्वी झाले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात उपग्रहाद्वारे माग ठेवलेल्या ५८ भोवत्यांचा हिशेब आहे: त्यांतील ७२ टक्के बेकायदा मारले गेले, किंवा मारले गेले असण्याचा दाट संभव आहे, आणि ग्राऊसच्या माळांवर त्यांच्या मरण्याची वा बेपत्ता होण्याची शक्यता इतरत्रच्या दहापट आहे.

तेव्हा तथ्यांबद्दल वाद फारसा उरलेला नाही. वाद आहे तो ‘शिल्लक’ ह्या कल्पनेबद्दल. शिकारीसाठी मारावयाचे पक्षी म्हणजे विणीपुरते ठेवून उरलेली शिल्लक, असा मालकांचा युक्तिवाद असतो. पण बेरीज-वजाबाकी मांडतानाच भोवत्याचा वाटा शून्य धरलेला असतो. त्याने काही घेतले की ती चोरी ठरते. ‘गेम’ ह्या शब्दाने मालकी आधीच ठरवून टाकलेली असते. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती ह्यांमुळे शिकारीचे परवानेच संपले, म्हणून हे समीकरण मांडण्याची वेळ आपल्यावर येत नाही.

तडजोडीचे प्रयत्न झाले. घरट्यांजवळ भोवत्यांसाठी आयते खाद्य ठेवले असता ते ग्राऊसची पिले फारच थोडी नेतात, असे लँगहोमच्या दुसऱ्या प्रकल्पात दिसले. तरीही हाक्याला पुरतील इतके ग्राऊस वाढले नाहीत. इंग्लंडमध्ये दाट वस्तीतल्या घरट्यांतून पिले उचलून, बंदिस्त वाढवून सोडण्याचा प्रयोग चालला. यशस्वी घरटी २०२३ मध्ये ३६ झाली, २०२४ मध्ये २५ वर उतरली. प्रयोग पुढे चालू ठेवला गेला नाही. स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीस परवाना आवश्यक केला. निर्जन माळावर कोणी गोळी झाडली हे फौजदारी खटल्यात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. परवाना काढून घेण्यास मात्र दिवाणी स्वरूपाचा पुरावा पुरतो. लँगहोमचा माळ २०२१ व २०२२ ह्या वर्षी दोन टप्प्यांत तेथील रहिवाशांच्या संस्थेने वर्गणी व देणग्यांतून विकत घेतला. तो आता टॅरस खोऱ्याचे राखीव क्षेत्र म्हणून ओळखला जातो.