एकसरच्या दगडातल्या युद्धनौका

मुंबईत बोरिवली पश्चिमेला एकसर येथे माणसाहून उंच वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मारकदगड, ओळीने उभे आहेत. घाटमाथ्यावर, राधानगरी-पन्हाळ्याच्या बाजूला, वीरगळाच्या तळच्या चौकटीत बहुधा ढाल-तलवारीची झुंज, घोडा किंवा सोडवून आणलेली गुरे असतात. एकसरच्या काही दगडांवर त्याच जागी जहाजांची लढाई कोरली आहे. वरच्या चौकटींत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि शिवलिंगाची पूजा, हा क्रम मात्र नेहमीचाच.

जहाजांची दोन्ही टोके उंच उचललेली आहेत. मधे डोलकाठी, बाजूला वल्ह्यांची एकच रांग आणि वर धनुर्धारी. वल्ह्यांवरून ही लढाऊ जहाजे ठरतात. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालते. झुंजीत ऐनवेळी वळायला वल्हीच लागतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातले तीन डोलकाठ्यांचे जहाज याउलट व्यापारी आहे.

पण प्रमाणावर विसंबू नये. शिल्पकाराने माणसे मोठी आणि जहाजे लहान काढली, कारण स्मारक वीराचे होते, जहाजाचे नव्हे. मोजलेल्या डोक्यांवरून खलाशांची संख्या काढणे व्यर्थ. फळ्या काथ्याने शिवलेल्या की खिळ्यांनी ठोकलेल्या, हेही दगड सांगत नाही. या जहाजांना गुराब किंवा गलबत म्हणण्याचा मोह होतो, पण ती नावे आंग्र्यांच्या आरमाराची, कित्येक शतकांनंतरची आणि तोफांच्या काळातली.

जहाजे कोणाची, हा खरा वाद. काळ सांगणारा, वाचता येईल असा लेख वीरगळांवर नाही. काही अभ्यासक हा प्रसंग इ.स. १०२०च्या सुमाराच्या परमार भोजाच्या कोकण मोहिमेशी जोडतात. अधिक मान्य मत असे की, ही उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची सुमारे १२६५ची लढाई. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीनुसार सोमेश्वर समुद्रात बुडाला. एकसरच्या शिल्पांत जहाजांबरोबर हत्तींचे युद्धही आहे आणि हेमाद्री महादेवाच्या गजदळाचा उल्लेख करतो. हा मेळ वजनदार आहे. पण तो प्रसंग ओळखायला उपयोगी पडतो, एखादे जहाज यादवांचे की शिलाहारांचे हे ठरवायला नाही.