ढगळ चड्डीतला जेम्स

आर्सेनलसाठी 261 सामने आणि गोल अवघे 27. फॉरवर्ड म्हणवणाऱ्या फुटबॉलपटूची ही कमाई कोणालाही किरकोळच वाटेल. तरीही 1930 च्या दशकातलं आर्सेनल अ‍ॅलेक्स जेम्सनं उभं केलं, असंच मी म्हणेन.

जन्म 1901 चा, ग्लासगोजवळच्या मॉसेंडचा. सगळा मुलूख कोळशाचा आणि पोलादाचा. पुढे न्यूकॅसल गाजवणारा ह्यूई गॅलाकर शेजारच्याच बेल्सहिलचा, जेम्सचा लहानपणापासूनचा दोस्त. जेम्स 1922 मध्ये किर्कॉल्डीच्या रेथ रोव्हर्समध्ये दाखल झाला. (हा संघ 1923 मध्ये कॅनरी बेटांच्या दौऱ्यावर निघाला आणि स्पेनच्या किनाऱ्याजवळ त्यांचं जहाज खडकाला लागलं. सगळे सुखरूप उतरले, आणि दौराही झाला!) रेथमध्ये तीन वर्षं काढून जेम्स इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या प्रेस्टनला गेला. तिथे मात्र त्यानं चार हंगामांत पन्नासहून जास्त गोल केले.

त्याची ती प्रसिद्ध ढगळ, गुडघ्यापर्यंत लोंबणारी चड्डी म्हणजे संधिवाताची सोय. आत लांब गरम विजार घालायची आणि वरून ती झाकायची. व्यंगचित्रकार टॉम वेब्स्टरनं ती चितारली आणि जेम्सनं ती कायमचीच अंगीकारली.

स्कॉटिश लोक मात्र त्याला 31 मार्च 1928 या तारखेनं ओळखतात. वेम्ब्लीवर भर पावसात स्कॉटलंडनं इंग्लंडला 5-1 लोळवलं. अ‍ॅलेक्स जॅक्सनचे तीन, जेम्सचे दोन. अकरांतले आठ जण इंग्लिश क्लबांकडून खेळणारे, आणि आघाडीच्या फळीतला सर्वांत उंच गडी पाच फूट सात इंचांचा. अशा जेम्सच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय सामने आले एकूण आठ. निवड समित्यांची अक्कल सगळीकडे सारखीच म्हणायची.

1929 मध्ये आर्सेनलचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमननं 8,750 पौंड मोजून त्याला आर्सेनलमध्ये आणलं. खेळाडूचा पगार मात्र नियमानं बांधलेला. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त 8 पौंड, हंगाम संपला की 6. क्लबांमधला व्यवहार हजारांचा, आणि ज्याच्या पायांवर तो चालायचा त्याच्या हाती हे. मग मधली वाट निघाली. लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात क्रीडासाहित्याच्या विभागात जेम्सला वर्षाला 250 पौंडांची नोकरी. लीगवाल्यांच्या भुवया उंचावल्या, पण नियमात बसत होतं.

1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला होता. पुढच्या खेळाडूसमोर तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरे झाले आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. चॅपमननं सेंटर हाफला मागे बचावात खेचलं, त्यामुळे मधली जागा रिकामी पडली. ती जेम्सनं भरायची, म्हणजे मागे येऊन चेंडू घ्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या विंगरना लांबवर सोडायचा. प्रेस्टनसाठी गोल करणारा इथे पुरवठादार झाला. सुरुवातीला हे त्याच्या पचनी पडेना. एकदा जमलं, तेव्हा 1930-31 मध्ये आर्सेनलनं 127 गोल करून लीग जिंकली. पुढे 1933, 1934 आणि 1935 अशी सलग तीन अजिंक्यपदं.

1930 ची एफए कप फायनल, समोर हडर्सफील्ड. मैदानाकडे जाताना बसमध्येच जेम्सनं अठरा वर्षांच्या क्लिफ बॅस्टिनला सांगून ठेवलं होतं, की फ्री किक मिळाली तर मी झटकन तुला देईन, तू परत माझ्याकडे दे. जेम्सला पाडलं गेलं. तो उठला, रेफरीकडे नुसतं पाहिलं, होकार मिळताच चेंडू बॅस्टिनकडे. बचावपटू अजून जागा शोधताहेत तोवर चेंडू परत जेम्सच्या पायात आणि तिथून जाळ्यात. निकाल 2-0. 1932 च्या फायनलला तो दुखापतीमुळे नव्हता, आर्सेनल न्यूकॅसलकडून हरलं. 1936 ला तो कप्तान होता, कप परत आला.

निवृत्ती 1937 ची. 1939 च्या उन्हाळ्यात तो पोलंडच्या खेळाडूंना शिकवायला गेला. 27 ऑगस्टला त्या संघानं वॉर्सात हंगेरीला 4-2 हरवलं आणि पाच दिवसांत जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. युद्धानंतर तो आर्सेनलच्या पोरांना शिकवायला परतला. 1953 च्या जूनमध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, कर्करोगानं त्याला नेलं.