मिस्टर बॅलट बॉक्स आणि दुसऱ्या पसंतीची कमाल

राष्ट्रपतिपदाची निवडणूक म्हणजे निकाल आधीच ठरलेला, असं म्हणून आपण पेपरचं पान उलटतो. जरा थांबा! या निवडणुकीइतके भन्नाट किस्से विधानसभेतही सापडायचे नाहीत.

२०२२ साली राज्याराज्यांतल्या मतपेट्या विमानानं दिल्लीला गेल्या, त्या रीतसर तिकीट काढून. तिकिटावर नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स'. जागा पहिल्या रांगेत, सोबतच्या अधिकाऱ्याच्या शेजारी.

खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. पण एक मत म्हणजे एकच मत नव्हे. उत्तर प्रदेशातल्या आमदाराच्या मताचं मूल्य २०८, महाराष्ट्रात १७५, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. या मूल्यांचा हिशेब आजही १९७१च्या जनगणनेवरच चालतो.

सगळ्यात थरारक निकाल १९६९चा. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. समोर अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि पंतप्रधान इंदिरा गांधी आपल्याच पक्षाच्या लोकांना सांगताहेत, अंतरात्म्याचा आवाज ऐका! तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. मोजणी झाली. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणालाच कोटा गाठता आला नाही.

मग मागचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यातली ९१ हजारांहून अधिक मतं रेड्डींकडे गेली, गिरींना जेमतेम साडेअठरा हजार मिळाली. तरी गिरी कोट्याच्या १,९०८ मतं पुढे गेले आणि राष्ट्रपती झाले! दुसरी पसंती मोजावी लागली ती आजवर तेवढी एकदाच. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा राष्ट्रपती गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला हजर राहिले. मला या पदाचा खरा मान त्या साक्षीत दिसतो.

हरलेले रेड्डी? १९७७ साली ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले, आणि रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती.

१९६७ साली कोका सुब्बाराव सरन्यायाधीशपद सोडून रिंगणात उतरले आणि झाकिर हुसेन यांच्याकडून हरले. त्या वेळी उमेदवार होते १७, त्यातल्या नऊ जणांच्या खात्यात भोपळा. पुढे कायदा कडक झाला. आता अर्ज भरायला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात.

आपल्या शिवसेनेची चाल या निवडणुकीत कायम निराळी. १९९७ साली के. आर. नारायणन यांच्यामागे जवळजवळ सगळे पक्ष उभे असताना सेना टी. एन. शेषन यांच्या बाजूनं. २००७ साली भाजपचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना, सेनेची मतं मात्र जळगावच्या प्रतिभाताई पाटलांना. मराठी माणूस, तीही पहिली महिला राष्ट्रपती. त्या निकालाचा आनंद आम्हाला आजही आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. जांभळ्या शाईचं खास पेन निवडणूक आयोगच हातात देतो, नावासमोर पसंतीचा आकडा तेवढा लिहायचा. तरीही २०२२ साली १५ खासदारांची मतं बाद ठरली. प्रत्येकाचं मूल्य ७००, म्हणजे १०,५०० मतं वाया. महाराष्ट्राच्या तब्बल ६० आमदारांएवढी!